उंदीर पडले की गाव उठायचं

कागल तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या बाईंनी विचारलंय: "आमच्या गावाबाहेर एक जागा आहे, तिला 'प्लेगचा माळ' म्हणतात. साथ आली की अख्खं गाव तिथं खोपी घालून राहायचं, असं म्हातारी माणसं सांगतात. तेव्हा गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. मग प्लेग आटोक्यात आला कसा? डॉक्टरांनी काय केलं आणि लोकांनी काय? मुलांना सांगायचंय, जरा सविस्तर लिहा. आणि आता परत येईल का, तेही सांगा."

बाई, मी या जिल्ह्यात तीस वर्षं सरकारी डॉक्टर होतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, नंतर तालुक्याला. एक गोष्ट आधीच कबूल करतो. प्लेगचा खरा पेशंट मी एकही बघितलेला नाही. प्लेगची भीती मात्र डोळ्यांनी बघितली, ती १९९४ साली. त्यावर पुढे येतो.

माझी आजी भुदरगडकडची. ती सांगायची, "माळ्यावरनं उंदीर पडला की आमचा बा आधी चूल इझवायचा. मग म्हशी सोडायचा. मग आमाला उठवायचा." माणसांच्या आधी म्हशी का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "म्हशी चालाय येळ लावत्यात न्हवं!" एवढं सहज. घरात कुणी आजारी नाही, कुणाला ताप नाही, नुसता एक उंदीर तुळईवरनं खाली पडून तडफडून मेला, की घराला कडी. तिच्या बापाला अक्षर येत नव्हतं. पण त्यानं जे केलं तेच बरोबर होतं, हे डॉक्टर मंडळींना सिद्ध करायला बरीच वर्षं लागली. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं निम्मं समजायला आधी रोग समजून घ्यावा लागेल. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. आपल्याकडची जुनी घरं आठवा. पुढं सोपा म्हणजे ओसरी, आत माजघर, तिथंच कुठंतरी धान्याची कणगी, एका अंगाला गोठा, वर लाकडी माळा आणि नळीची कौलं. काळ्या घरउंदराला याहून चांगला वाडा मिळणार नाही. शेतातला उंदीर माणसापासून लांब राहतो, हा मात्र माणसाच्या उशाशी राहतो. त्याच्या अंगावर पिसवा. उंदराला प्लेग झाला की पिसवेच्या पोटात ते जंतू जातात, तिथं वाढतात आणि तिच्या अन्ननलिकेत बोळा बसल्यासारखं होतं. मग रक्त पोटात उतरत नाही, पिसू भुकेनं वखवखते, पुन्हापुन्हा चावते आणि चावताना जंतू चावलेल्या जागी ओकते. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं. गार अंगावर पिसू थांबत नाही. ती उतरते आणि दुसरा उंदीर शोधते. आसपास उंदीरच उरले नाहीत, की जमिनीवर झोपलेला माणूस.

उंदीर पडायला लागल्यापासून माणसाला गाठ येईपर्यंत साधारण दहा-पंधरा दिवस जातात. आजीच्या बापाला मिळायची ती हीच सवड. पिसू बहुधा पायाला चावते म्हणून गाठ बहुतेकदा जांघेत येते, कधी काखेत, कधी मानेला. चावल्यापासून दोन ते सहा दिवसांत हुडहुडी भरून ताप, डोळे लाल, जीभ जड. त्या काळी गाठीच्या प्लेगात निम्म्याहून जास्त माणसं जायची.

आता डॉक्टरांचं ऐका. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा हा प्लेग ओळखला. जंतू दोनच वर्षं आधी, १८९४ ला, हाँगकाँगमध्ये येर्सिन यांना सापडला होता. म्हणजे चोर ठाऊक होता, तो घरात शिरतो कुठनं हे ठाऊक नव्हतं. त्यामुळं सगळा संशय घाणीवर, गटारावर, भिंतीच्या ओलीवर आणि रोग्याच्या कपड्यांवर. भिंतींना कार्बोलिक हे जंतुनाशक मारा, चुना लावा, जमीन उकरा, कौलं उतरवून आत ऊन सोडा, अंथरुणं जाळा. यातलं ऊन सोडणं आणि अंथरूण जाळणं थोडं उपयोगी पडलं असेल. पण कार्बोलिकचा पिचकारा मारला की भिंतीतले उंदीर शेजारच्या घरात पळायचे आणि पिसवा बरोबर घेऊन जायचे. सरकार धुतंय एक घर आणि रोग जातोय पुढच्या चार घरांत. उंदीर मेलेले सगळ्यांना दिसत होते. पण बहुतेक साहेबांना वाटायचं, माणसासारखाच तोही बिचारा बळी पडलाय.

गढवाल-कुमाऊंच्या डोंगरात लोक या रोगाला महामारी म्हणत. उंदीर मरायला लागले की तिथली गावं उठून जात. इंग्रज अधिकाऱ्यांनी हे १८५०च्या आसपासच लिहून ठेवलं होतं. कागदावर होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ ला कराचीत पिसवेचा धागा प्रयोगानं दाखवला, तर त्याचंही बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते १९०५ नंतर, प्लेग संशोधन आयोगानं. मुंबईत त्यांनी केलेला एक प्रयोग मुलांना जरूर सांगा, फळ्यावर चित्र काढून दाखवता येईल इतका सोपा आहे. प्लेगच्या पिसवा असलेल्या झोपडीत गिनिपिग ठेवले. काही जमिनीवर मोकळे. काही पिंजऱ्यात, जमिनीपासून दोन इंच वर. काही पिंजऱ्यात, पण दोन फूट वर टांगलेले. खालचे आणि दोन इंचावरचे प्लेगनं गेले. दोन फुटांवरचे जगले. हवा तीच, वास तोच, झोपडी तीच. फरक एवढाच, की उंदराच्या पिसवेला पाचेक इंचांवर उडी मारता येत नाही. भिंत, गटार, ओल हा सगळा वाद त्या टांगलेल्या पिंजऱ्यानं मिटवला. आणि घर सोडून माळावर गेलेला माणूस का वाचतो, याचंही उत्तर मिळालं. पिसवा राहिल्या उंदरांच्या बिळात, माणूस गेला तिथनं उठून.

पण १८९७ ला हे कळायचं होतं. तेव्हा घाबरलेल्या सरकारनं फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. (हाच कायदा आपल्याला कोविडमध्ये परत भेटला.) पुण्यात रँडच्या कमिटीनं गोरे सोजीर घेऊन घरांची झडती घेतली, बायकांना उघड्यावर तपासलं, देवघरात बूट घातले, घरातल्या धडधाकट माणसांनाही छावणीत नेलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केलं ते तुम्ही शिकवताच. मी डॉक्टर म्हणून त्यातली एकच बाजू सांगतो. झडतीच्या भीतीनं लोक रोगी लपवायला लागले. माळ्यावर, कोठीत, धान्याआड. मेलं तर रात्रीतच उरकायचं. दवाखान्यात नेऊन माणसाची चरबी काढून मोमियाई नावाचं औषध करतात, अशा वावड्या उठल्या. लपवलेला रोगी म्हणजे आम्हाला न सापडलेली साथ. माझ्या नोकरीत मी दहा वेळा तरी हे बघितलंय, प्लेगचं नाही, पण कॉलऱ्याचं आणि एचआयव्हीचं.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी काय केलं तेही त्याच तासाला सांगा. त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथं आल्या, त्यातनंच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दवाखाना गावात नव्हता, उघड्या माळावर होता, हे विसरू नका.

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. शाहू महाराजांनी १८९४ ला कारभार हाती घेतला. १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि तो ओसरतो न ओसरतो तोच प्लेग. मिरजेहून रेल्वे १८९१ पासूनच आली होती, शाहूपुरीची पेठ नुकतीच वसली होती, गुळाची-धान्याची ये-जा वाढलेली. पोत्यांतनं उंदीर आणि पिसवा फुकटात प्रवास करतात. संस्थानचं धोरण कागदावर इंग्रजांसारखंच होतं: रोगी वेगळा करा, घर रिकामं करा, लस टोचा. पण इथं वजन पडलं ते गावाबाहेर राहायला जाण्यावर. त्यातही सांगणारा आपला राजा, राबवणारी आपली माणसं. सक्ती अजिबात नव्हती असं कुणी म्हणत असेल तर मी मान हलवणार नाही, साथीत थोडी सक्ती असतेच. पण लोक स्वतःच जे करत होते त्याच्या आड न येता त्यालाच हात देणं, हे शहाणपणाचं होतं.

'गाव उठलं' म्हणायला सोपं. ते कसं असायचं ते आजीच्या तोंडून ऐकलंय म्हणून सांगतो. आपल्या देशावर प्लेगचा जोर पावसाळ्यापासून थंडीपर्यंत. कडक उन्हाळ्यात तो आपोआप मंदावतो, कारण उष्म्यात पिसवा टिकत नाहीत. म्हणजे माळावर जायची वेळ नेमकी भर पावसात किंवा पिकं कापणीला आलेली असताना. खोप म्हणजे चार मेढी, वर उसाचा पाला नाहीतर गवताचा शेकार, बाजूला तुऱ्हाट्यांचा कूड. खाली चिखल. चूल पेटत नाही. आजीची धाकटी बहीण त्या खोपीत प्लेगनं नाही, हगवणीनं गेली. सरकारी आकड्यात ती प्लेगची मोजली गेली नसणार.

आणि ज्यांना शेत होतं त्यांचं निदान शेतात भागलं. ज्याला वीतभर जमीन नाही त्यानं खोप कुठं घालायची? दुसऱ्याच्या बांधाला, पाटलाच्या परवानगीनं, आणि तिथंही कोण कुठं बसणार हे जातीनं ठरलेलं. गावात ज्यांना पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता त्यांना माळावरच्या झऱ्यावरही येत नव्हता. "सगळं गाव एक झालं" हे वाक्य तुमच्या मुलांच्या निबंधात येईल, तिथं जरा थांबा आणि विचारा, कोणाची खोप कुठं होती?

मरण बरेचदा परत घरी जाण्यात होतं. धान्य कणगीत राहिलेलं, भांडी राहिलेली, कुणाचे पैसे भिंतीत. आठ-दहा दिवसांनी गडीमाणूस रात्री गुपचूप जायचा, ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन यायचा आणि चौथ्या दिवशी जांघेत गाठ. उपाशी पिसवा त्या रिकाम्या घरात वाटच बघत असत. रिकाम्या गावात चोऱ्याही व्हायच्या, म्हणून राखणीला माणूस ठेवावा लागे. तो बहुधा गरीबच. त्याचं काय व्हायचं हे सांगायला नको.

देवाधर्माचंही सांगतो, कारण काही डॉक्टर मंडळी त्यावर फार नाक मुरडतात. साथ आली की मरगाईला नैवेद्य, मरीआईचा गाडा ओढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन ठेवणं, हे आपल्या भागात होतंच. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन 'पी ढबाक'च्या सुरात टेंबलाईला जाणारी गल्ल्यागल्ल्यांची जत्रा आजही निघते. देवीनं प्लेग घालवला असं मी म्हणणार नाही. मरीआईचा गाडा शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलणं तर शेजाऱ्यावर संकट ढकलणंच. पण घर सोडायला माणसाचं मन सहज तयार होत नाही. देवीनं शिवेबाहेर बोलावलंय म्हटल्यावर ते तयार व्हायचं. माझ्या वरिष्ठांपुढं मी हे कधी बोललो नाही, आता निवृत्त आहे म्हणून लिहितो.

लशीचं श्रेय मात्र निखळ डॉक्टरांचं. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जंतू वाढवायचे रश्श्यासारख्या पाण्यात, वर तुपाचा थर. त्या तुपाला धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढायचे. मग ते तापवून मारायचे आणि टोचायचे. ताप यायचा, दंड सुजून दोन दिवस कामाची खोटी व्हायची, म्हणून मजूर माणूस कचरायचा.

उपयोग किती झाला? बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावचं १८९८ चं उदाहरण घ्या. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ मेले. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवणारी माणसं. त्याच वर्षी आपल्या खाली हुबळीत हजारो लोकांनी लस घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला एका बाटलीतल्या लशीनं १९ जण धनुर्वातानं गेले आणि खापर हाफकिनवर फुटलं. पाच वर्षांनी ते निर्दोष ठरले, तोवर लशीचं नाव गेलं ते गेलंच. १९०७ या एका वर्षात देशात १३ लाखांच्या आसपास माणसं प्लेगनं मेली. विश्वास एकदा गेला की काय भावानं परत मिळतो, हे त्यावरनं समजा.

खरं औषध आलं ते फार उशिरा. १९४०च्या आगंमागं सल्फाची औषधं, मग स्ट्रेप्टोमायसिन. बरोबरीनं डीडीटी. डीडीटी आलं मलेरियासाठी, भिंतीवर मारलं मच्छरांसाठी, आणि मेल्या पिसवाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत प्लेग आपल्याकडनं जवळपास गेला. पन्नास वर्षं माणसं खोपीत राहिली आणि शेवटी घाव घातला पावडरीनं.

आता १९९४. ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, गाठी आल्या. आदल्या वर्षीच्या भूकंपानं मराठवाड्यात घरं पडलेली, धान्य उघड्यावर, उंदीर माजलेले, त्यातनं हे झालं असं बरेच जण मानतात. पुढच्याच महिन्यात सुरतेत छातीचा प्लेग. हा प्रकार वेगळा, खोकल्यातनं माणसाकडनं माणसाकडं जातो, इथं पिसू लागत नाही आणि खोपही कामाची नाही. मास्क आणि लवकर औषध, एवढंच. देशभरात मृत्यू ५०हून थोडे जास्त झाले, पण सुरतेतनं लाखो लोक पळाले. त्यांत डॉक्टरही होते, ते काही मी लपवत नाही.

इचलकरंजीचं सूत-कापड आणि सुरत यांचं जाणंयेणं रोजचं. त्यामुळं आमच्या केंद्रापुढं सकाळी सातला रांग. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मेडिकलमधनं दोन दिवसांत संपल्या. तिसऱ्या दिवशी एका दुकानात त्या तिप्पट दरानं मिळायला लागल्या. अशात एक आई दहा वर्षांच्या पोराला उचलून घेऊन आली. जांघेत सुपारीएवढी गाठ, अंगात ताप. बाहेरची रांग एका क्षणात अंगणाच्या पलीकडं गेली. कंपाउंडर खिडकीतनं बोलायला लागला. मला स्वतःला घाम फुटला होता, हे आज सांगायला लाज नाही.

गाठीला हात लावायच्या आधी मी पोराचा पाय बघितला. टाचेत बाभळीचा काटा मोडून पू झालेला. गाठ म्हणजे त्या जखमेचं अवधाण! गावातल्या कुठल्याही म्हातारीनं ओळखलं असतं, पण त्या आठवड्यात म्हाताऱ्याही घाबरल्या होत्या. काटा काढला, पू सोडला, औषध दिलं. तो काटा मी चिमट्यात धरून बाहेरच्या लोकांना दाखवत फिरलो. हसू नका, माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या काट्यानं जास्त काम केलं.

त्याच आठवड्यात एका गावात उत्साही पोरांनी उंदीर मारायची मोहीम काढली. मी धावत जाऊन थांबवली. उंदीर आधी मारले तर पिसवा माणसावर येतात. आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसवांची पावडर, उंदीर त्यानंतर. हा क्रम चुकला तर आपणच साथ लावतो. तुमच्या मुलांना सगळं विसरलं तरी हे ध्यानात राहू दे.

गावचा इतिहास लिहिताना एक काळजी घ्या. म्हातारी माणसं प्लेग, पटकी (म्हणजे कॉलरा) आणि १९१८ ची मानमोडी (म्हणजे फ्लूची साथ) यांची गल्लत करतात. "एकाला पोचवून येईस्तोवर दुसरा" हे वाक्य तिन्ही रोगांना लावतात. साल विचारू नका, सांगता येत नाही. "उंदीर पडले होते का? गाठ कुठं आली होती? खोपीत राहिला होता का?" असं विचारा. तिन्हीला हो आलं तर प्लेग. जुलाब-उलट्या असतील तर पटकी. खोकून खोकून चार दिवसांत गेले आणि गाठीचं कुणी बोलत नसेल तर बहुधा मानमोडी.

आणि परत येईल का? जंतू काही पृथ्वीवरनं गेलेला नाही. २००२ ला हिमाचलमध्ये, २००४ ला उत्तराखंडात थोडे रुग्ण सापडले, आणि साथ तिथंच थांबली. आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लिन आहे. पहिल्या दिवशी दिलं तर माणूस वाचतो, चौथ्या दिवशी दिलं तर सांगता येत नाही.

२०१९ च्या पुरानंतर पाणी उतरलं तेव्हा शिरोळकडनं एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला होता. "साहेब, घरात मेलेले उंदीरच उंदीर. आजोबा म्हणायचे तसं घर सोडू का?" मी म्हटलं, दादा, हे बुडून मेलेत, वरनं पडून नाही. पण हातानं उचलू नका, पायात गमबूट घाला, चिखलात उघड्या पायानं जाऊ नका, आणि आरोग्य सेविका डॉक्सीच्या गोळ्या देईल त्या घ्या, लेप्टोसाठी, म्हणजे उंदराच्या मुतानं पसरणाऱ्या तापासाठी. तो म्हणाला, "ते घेतो. पण म्हशी आधीच माळाला नेल्यात."